शिल्पकार पिलूबाई पोचखानवाला

ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील कारखान्यांत वेल्डिंगच्या डोळे दिपविणाऱ्या ठिणग्या आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिल्या असतील. त्या ठिणग्यांतून यंत्रें व खिडक्यांचे गज तयार होतात, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्यांतूनच मुंबईच्या एका बाईंनीं कला निर्माण केली, हें थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिलूबाईंचा जन्म १९२३ सालीं मुंबईंत एका पारशी कुटुंबांत झाला. १९४५ सालीं मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी संपादून त्या जाहिरातीच्या व्यवसायांत शिरल्या. कलाशाळेचें रीतसर शिक्षण त्यांस मिळालें नव्हतें. १९५१ सालीं कामानिमित्त युरोपांत गेल्या असतां तेथील शिल्पें पाहून त्यांचें मन पालटलें, आणि हातचा व्यवसाय सोडून त्यांनीं शिल्पकलेस वाहून घेतलें. शिल्पकार ना. ग. पानसरे यांचें मार्गदर्शन त्यांस लाभलें.

पुढें त्यांचा जीव धातूवर जडला. दगडाचें शिल्प करावयाचें तर नको तो भाग काढून टाकावा लागतो; ओतकामास सांचा लागतो. वेल्डिंगमध्यें मात्र दोन तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात, शिल्प तुकड्या-तुकड्यानें वाढत जातें, व बारीकशी सळईही अधांतरीं पुढें नेतां येते. हें काम उष्णतेचें व कष्टाचें. तरी पिलूबाईंस त्यांतच आनंद वाटे. भंगारांतील लोखंडास त्यांनीं नवें रूप दिलें. बांधणाऱ्यांनीं नापसंत केलेल्या दगडाचा शास्त्रांतील दृष्टांत आम्हांस येथें सहज आठवतो.

हाजीअली चौकांत त्यांचें ‘स्पार्क’, म्हणजे ठिणगी, या नांवाचें शिल्प उभें होतें. आज तें तेथें नाहीं. धातूचें काम झालें तरी तें चिरकाल एके ठिकाणीं राहीलच असें नाहीं, ही गोष्ट मनास चटका लावते. परंतु पिलूबाईंची दृष्टि स्वतःच्या कृतींपुरती नव्हती. सर कावसजी जहांगीर सभागृह कलेच्या कामीं लागावें म्हणून त्यांनीं पुष्कळ खटपट केली. १९८६ सालीं त्या निवर्तल्या. आणि १९९६ सालीं त्या वास्तूंत राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय उघडलें. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. परंतु तेथें आज कोणाही विद्यार्थ्यास जातां येतें.

आवडीचें काम उशिरां सांपडलें तरी तें मनोभावें करावें, आणि त्याचें फळ इतरांच्या हातीं पडलें तरी खेद मानूं नये, हाच बोध आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून घ्यावा.