हवेतून खत घडविणारे फ्रिट्झ हेबर

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी उसाला युरिया पडतो, तेव्हा एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे संशोधनच मातीत उतरत असते. युरिया अमोनियापासून बनतो आणि हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया मिळविण्याचा मार्ग फ्रिट्झ हेबर यांनी दाखविला.

ब्रेस्लाव (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे ९ डिसेंबर १८६८ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९४ पासून ते कार्ल्सरूहे येथे संशोधन करू लागले. त्या काळी युरोपची शेती चिलीहून येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी त्याच्या अणूंची जोडी सहजी फुटत नाही. तापमान वाढविल्यास अभिक्रियेचा वेग वाढतो, पण हाती येणारा अमोनिया घटतो. प्रचंड दाब आणि योग्य उत्प्रेरक योजून हेबर यांनी हा पेच सोडविला. जुलै १९०९ मध्ये ऑस्मियम धातूच्या साह्याने त्यांनी अमोनिया थेंबाथेंबाने मिळवून दाखविला.

ऑस्मियम मात्र अतिदुर्मिळ होते. ‘बीएएसएफ’ कंपनीतील आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्यांनंतर लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. कार्ल बॉश यांनी यंत्रणा उभारली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला.

पहिल्या महायुद्धात हाच अमोनिया स्फोटकांसाठी वापरला गेला. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर झालेल्या क्लोरिन वायूहल्ल्याचे सूत्रधार हेबरच होते. त्यानंतर दहा दिवसांतच त्यांच्या रसायनशास्त्रज्ञ पत्नी क्लारा यांनी आत्महत्या केली. १९१८ सालचे नोबेल पारितोषिक हेबर यांना मिळाले, ते टीकेच्या भडिमारातच. ज्या देशासाठी त्यांनी एवढे केले, तेथे १९३३ मध्ये नाझींच्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना पद सोडावे लागले. २९ जानेवारी १९३४ रोजी बाझल येथे त्यांचे निधन झाले.

शतकानंतरही बहुतेक कारखाने लोखंडी उत्प्रेरकावर, सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानात चालतात. हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून येत असल्याने जगाच्या कार्बन उत्सर्जनात अमोनियाचा वाटा एक टक्क्याहून अधिक आहे. कमी तापमान व दाबावर काम करणारा रुथेनियमसारखा उत्प्रेरक आणि सौरविजेने पाण्यापासून मिळविलेला हायड्रोजन यांची सांगड घालण्याचे प्रयत्न आज सुरू आहेत. पाणी आणि खतांच्या अतिवापराने क्षारपड जमिनी वाढलेल्या कृष्णाकाठाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कारखान्यात उत्तम उत्प्रेरक आणि शेतात मोजून दिलेले खत, दोन्ही साधले तरच हेबर यांचा शोध पुढच्या पिढ्यांना परवडेल.