फिलिप द मॉर्ने

लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालावे आणि शेवटी किसलेले चीज विरघळवावे, म्हणजे फ्रेंच लोकांचा ‘मॉर्ने सॉस’ तयार होतो. हे नाव फिलिप द मॉर्ने या थोर प्रॉटेस्टंट पुढाऱ्यावरून पडले असे पुष्कळ जण सांगतात. पण ते पटत नाही. हा सॉस ज्या बेशामेल सॉसपासून बनतो, त्याला ज्याचे नाव मिळाले तो गृहस्थ १६३० साली जन्मला. मॉर्ने तर १६२३ सालीच प्रभूकडे गेले होते. तरीही या निमित्ताने त्यांची ओळख करून घेणे बोधप्रद ठरेल.

मॉर्ने यांचा जन्म १५४९ साली फ्रान्समध्ये झाला. वडील रोमन कॅथलिक होते. त्यांच्या निधनानंतर आईने प्रॉटेस्टंट मत उघडपणे स्वीकारले. मॉर्ने यांनी हायडलबर्ग येथे कायद्याचा व पुढे इब्री भाषेचा अभ्यास केला. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला प्रॉटेस्टंटांची भीषण कत्तल झाली, तीतून ते एका कॅथलिक मित्राच्या साहाय्याने बचावले व इंग्लंडला गेले.

पुढे ते नव्हारचा प्रॉटेस्टंट राजा हेन्री याचे विश्वासू सल्लागार झाले. १५८९ साली हेन्रीला फ्रान्सची गादी मिळाली आणि मॉर्ने सोम्यूर शहराचे सुभेदार झाले. तेथे त्यांनी प्रॉटेस्टंट विद्यापीठ स्थापले. परंतु १५९३ साली गादी टिकवण्यासाठी राजाने कॅथलिक पंथ पत्करला. मॉर्ने यांना अतोनात दुःख झाले. राजामागे ते गेले नाहीत आणि राजावर उलटलेही नाहीत. आपल्या लोकांना उपासनेची मोकळीक मिळावी म्हणून ते झटत राहिले. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने ती मिळाली.

त्यांच्यावर कठीण प्रसंगही आले. १६०० साली राजासमोर झालेल्या वादात त्यांच्या ग्रंथातील अवतरणांत चुका निघाल्या व त्यांची मानहानी झाली. १६०५ साली एकुलता मुलगा लढाईत पडला. त्याच्यासाठी पतीचे चरित्र लिहीत असलेल्या पत्नी शार्लोत यांनी लेखणी खाली ठेवली आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. १६२१ साली तेराव्या लुईने सोम्यूरही काढून घेतले.

पद गेले, पुत्र गेला, राजाची मर्जीही गेली. पण तरुणपणी ज्या विश्वासासाठी त्यांनी देश सोडला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सॉसचे नाव त्यांचे असो वा नसो, हे मात्र निश्चित त्यांचे आहे.