शेठ वालचंद हिराचंद : मोटारीचे स्वप्न पाहणारा सोलापूरकर

सर्जापूर रोडवर राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे दृश्य कधी ना कधी पाहिले असेल. संध्याकाळची वेळ, इब्लूर जंक्शनच्या अलीकडे वाहनांची लांबच लांब रांग, आणि त्या रांगेत टेम्पो, रिक्षा व कंपन्यांच्या बसेसमध्ये अडकलेली एखादी बुटकी, गुळगुळीत पोर्शे गाडी. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावण्याची ताकद असलेली ही गाडी त्या वेळी बैलगाडीच्या चालीने सरकत असते. तरीही शेजारच्या गाडीतली मुले काच खाली करून तिच्याकडेच बघत राहतात. मग घरी आल्यावर त्यांचे प्रश्न सुरू होतात. अशी गाडी आपल्याकडे का बनत नाही? गाड्यांचे असे वेड असलेला माणूस आपल्याकडे झालाच नाही का?

झाला होता. तो आपल्या सोलापूरचा होता आणि त्याच्या कर्तृत्वाची सर्वांत मोठी खूण आपल्या घरापासून अवघ्या काही किलोमीटरवर, मारथहळ्ळीच्या पुढे उभी आहे. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

मुलांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर आधी त्या जर्मन गाडीविषयी थोडे सांगायला हवे. फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म १८७५ साली बोहेमियातला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. १९३१ साली त्यांनी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे स्वतःची कचेरी थाटली, ती गाड्या विकण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्यांच्या गाड्यांचे आराखडे करून देण्यासाठी. फोक्सवॅगनची प्रसिद्ध बीटल गाडी त्यांच्याच कचेरीत आकाराला आली. हे काम हिटलरच्या राजवटीसाठी झाले आणि महायुद्धात त्या कारखान्यात वेठबिगारीने माणसे राबवली गेली, हा डाग त्यांच्या चरित्रावर कायमचा आहे. पोर्शे हे नाव लावलेली पहिली गाडी त्यांचे चिरंजीव फेरी यांनी १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड या लहानशा गावात तयार केली. तिचे बरेचसे भाग फोक्सवॅगनचेच होते. पुढे १९६३ साली ९११ हे मॉडेल लोकांसमोर आले. इंजिन मागे, छप्पर उतारासारखे मागे झुकलेले, असे तिचे रूप साठ वर्षांनंतरही दुरून ओळखू येते. रोज कामावर नेता येईल आणि शर्यतीच्या रस्त्यावरही उतरवता येईल अशी ही गाडी. फ्रान्समधील ल मां येथे होणारी चोवीस तासांची शर्यत या कंपनीने एकोणीस वेळा जिंकली आहे. ही गाडी घेणारा माणूस केवळ वेग विकत घेत नाही, एकाच आराखड्यावर पिढ्यान् पिढ्या घासलेली मेहनत विकत घेतो. यातला ‘आराखडा’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच परत यायचे आहे.

आता वालचंदांकडे वळू या. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजराती जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, परंतु पदवी न घेताच परतले. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. त्याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी त्यांची गाठ पडली. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होते. ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरू झाली. पुढे त्यांच्या कंपन्यांनी बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदले आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिनीचे काम केले. आज मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाताना आपण ज्या अंधारातून जातो, त्यातला काही अंधार वालचंदांच्या मजुरांनी कोरलेला आहे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विक्रीला निघाली होती. युद्धकाळात तिचा रुग्णालय म्हणून वापर झाला होता. नरोत्तम मोरारजी आदी मित्रांच्या साथीने वालचंदांनी ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याचमुळे. ब्रिटिश बोट कंपन्यांनी भाडे इतके पाडले की सिंदियाला तोटा सोसावा लागला आणि १९२३ साली अनेक बंधने घालणाऱ्या करारावर सही करावी लागली. पण कंपनी बुडाली नाही. इंदापूर तालुक्यातील माळरानावर वालचंदनगर उभे राहिले, मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना निघाला. आपल्या लहानपणी खाल्लेल्या रावळगावच्या गोळ्या त्याच गावच्या.

इतके सगळे करूनही त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून होती. ती म्हणजे मोटार. त्या काळी हिंदुस्थानात धावणारी प्रत्येक मोटार परदेशातून यायची, किंवा पेट्यांत भरून आलेले भाग येथे जोडले जायचे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही युरोप-अमेरिकेचा दौरा करून देशी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. ज्यांच्या नावाचा रस्ता, पुतळा किंवा संस्था बेंगळूरुत पावलोपावली भेटते, तेच हे सर एम. व्ही. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची या योजनेला सहानुभूती होती. वालचंदांनी ही योजना आपली मानली. १९३९ साली ते अमेरिकेत डेट्रॉईटला गेले. फोर्डशी जमले नाही, पण क्रायस्लर कंपनी सहकार्याला तयार झाली.

नेमक्या त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले आणि काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. सैन्याला हजारो वाहने हवी होती. कारखाना काढायला याहून चांगली वेळ कोणती? परंतु दिल्लीतील इंग्रज सरकारने मोटार कारखाना युद्धासाठी आवश्यक मानला नाही. त्यामुळे यंत्रे आणायला डॉलर नाहीत आणि बोटीत जागा नाही, अशी कोंडी झाली. म्हैसूर संस्थान मदतीला उत्सुक होते, पण त्यालाही माघार घ्यावी लागली. वाहने बाहेरून येत राहिली आणि कारखाना कागदावरच राहिला.

नशिबाचा खेळ असा, की मोटारीसाठी केलेल्या या प्रवासाने हाती दिले ते विमान. अमेरिकेहून पूर्वेकडे परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. वालचंदांनी तिथल्या तिथे ठरवले, की असा कारखाना हिंदुस्थानात निघालाच पाहिजे. १९४० साली युरोपात फ्रान्स पडल्यावर इंग्रज सरकारलाही विमानांची निकड पटली. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या म्हैसूर सरकारने बेंगळूरुत जमीन देऊ केली आणि भागीदारीही पत्करली. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. १९४१ सालीच इथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान आकाशात झेपावले. तीच आजची एचएएल. जुन्या एअरपोर्ट रोडवरच्या ज्या धावपट्टीवरून आपण २००८ पर्यंत पुण्या-मुंबईचे विमान पकडत होतो, ती याच कारखान्याची.

मात्र हा कारखाना वालचंदांकडे फार काळ राहिला नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचले आणि १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला, त्याची कोनशिला १९४१ साली राजेंद्रबाबूंच्या हस्ते बसवली गेली. १९४८ साली तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते समुद्रात उतरले. चार वर्षांनी त्या कारखान्याचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

मोटारीचे काय झाले? वालचंदांनी हट्ट सोडला नाही. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी त्यांची नावे, म्हणजे सगळी क्रायस्लरची. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पण त्या गाडीचा सुकाळ पाहायला वालचंद राहिले नाहीत. अर्धांगाच्या झटक्यानंतर १९५० साली ते कामातून निवृत्त झाले. शेवटच्या आजारपणात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे कुर्ल्याची फियाट घराघरांत पोहोचली. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढचे सलग बाक आणि मागे दाटीवाटीने बसलेली भावंडे ज्यांना आठवतात, त्यांना वेगळे सांगायला नको. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

आता पुन्हा आराखड्याकडे. ९११ आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांचे रूप दशकानुदशके फारसे बदलले नाही. पण कारणे अगदी उलटी. पोर्शेचा आराखडा त्यांचा स्वतःचा होता, म्हणून बाहेरचे रूप तेच ठेवून आतले सारे काही ते पुन्हा पुन्हा सुधारत गेले. आपला आराखडा इटलीचा होता. परवाना पद्धतीमुळे स्पर्धा नव्हती आणि गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. मग सुधारणा करायची कुणासाठी? सुरुवात दोघांनीही दुसऱ्याच्या भागांवर केली होती, एकाने १९४७ साली कुर्ल्यात, दुसऱ्याने १९४८ साली ग्म्युंडमध्ये. फरक पडला तो पुढच्या पावलात. त्याचा दोष वालचंदांना देता येणार नाही, कारण हाताशी असलेली मोलाची वर्षे परवानग्यांची वाट पाहण्यात गेली आणि कारखाना उभा राहून सहा वर्षे होतात न होतात तोच ते गेले.

पण हे पुढचे पाऊल आपल्याला जमतच नव्हते असेही नाही. ते पडले इथेच, बेंगळूरुत. डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाने जर्मनीतील ग्योटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली विमानविद्येचे शिक्षण घेतले होते. वालचंदांनी उभारलेल्या कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा तयार झाला आणि १९५१ साली ते उडाले. आराखडा आपला, कारखाना आपला. त्या विमानावर आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या उडायला शिकल्या. वालचंद तेव्हा हयात होते. जो कारखाना त्यांच्या हातून गेला, त्याने त्यांच्या मनातले काम केले आणि जो त्यांच्याकडे राहिला, त्याला ते साधले नाही. अशा माणसाच्या यशाचे माप केवळ त्याच्या मालकीच्या कारखान्यांवरून कसे काढणार?

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून शिकून बेंगळूरुत नोकरीला आलेले कित्येक जण आपल्या आसपास आहेत. त्यांतले काही मोटारींचे आराखडे करणाऱ्या कंपन्यांतही असतील. अशांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जुन्या एअरपोर्ट रोडवरचे एचएएलचे संग्रहालय जरूर पाहावे. आणि पुढच्या वेळी इब्लूरच्या सिग्नलला एखादी पोर्शे शेजारी येऊन थांबली आणि मुलांनी तोच प्रश्न विचारला, तर सिग्नल हिरवा होईपर्यंत या सोलापूरकराची गोष्ट सहज सांगून होईल. आपल्याकडे वेळ भरपूर असतो!