जेफ्री चॉसर

जेफ्री चॉसर (जन्म : इ.स. १३४०च्या सुमारास, लंडन. मृत्यू : परंपरेनुसार २५ ऑक्टोबर, इ.स. १४००) हे मध्ययुगीन इंग्लंडमधील थोर कवी व राजसेवक होते. ‘द कॅन्टरबरी टेल्स’ हा त्यांचा कथासंग्रह प्रसिद्ध आहे.

आडनाव

‘चॉसर’ हे व्यवसायदर्शक आडनाव जुन्या फ्रेंच भाषेतून आले आहे. पायमोजे किंवा पादत्राणे तयार करणारा कारागीर, असा त्याचा अर्थ होतो. इ.स. १०६६मधील नॉर्मन विजयानंतर असे अनेक फ्रेंच शब्द इंग्लंडमध्ये रूढ झाले. प्रारंभी अशी उपनामे त्या त्या व्यक्तीपुरतीच असत. पुढे ती वंशपरंपरागत झाली आणि व्यवसाय बदलला तरी नाव तेच राहू लागले. चॉसर घराण्यात हेच घडले. घराणे मूळचे इप्सविचचे असून मद्यविक्रीच्या व्यवसायात होते. जेफ्री यांचे वडील जॉन हे लंडनमधील मद्यव्यापारी होते.

जीवन

चॉसर यांची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इ.स. १३५७मधील असून ती अल्स्टरच्या काउंटेस एलिझाबेथ यांच्या घरखर्चाच्या हिशेबात आढळते. त्यांच्यासाठी आखूड अंगरखा, लाल-काळे पायमोजे आणि जोडे घेतल्याचे तीत नमूद आहे. ज्यांच्या आडनावाचा अर्थच पायमोजे करणारा, त्यांचा पहिला उल्लेख पायमोज्यांच्या खरेदीत यावा, हा केवळ योगायोग होय.

फ्रान्सवरील स्वारीत ते शत्रूच्या हाती सापडले. इ.स. १३६०मध्ये त्यांच्या सुटकेच्या खंडणीसाठी राजा तिसरा एडवर्ड याने १६ पौंड दिले. पुढे राजकार्यानिमित्त त्यांनी इटलीचा प्रवास केला. इ.स. १३७४ ते १३८६ या काळात ते लंडन बंदरात लोकरीवरील जकातीचे नियंत्रक होते. इ.स. १३८९मध्ये राजाच्या बांधकामांची देखरेख त्यांच्याकडे आली.

साहित्य

राजदरबारात फ्रेंच आणि विद्याक्षेत्रात लॅटिन भाषेला मान असताना चॉसर यांनी इंग्लिशमध्ये काव्यरचना केली. ‘द कॅन्टरबरी टेल्स’मधील बहुतेक यात्रेकरू व्यवसायानेच ओळखले जातात. त्यांपैकी पिठाच्या गिरणीचा मालक, स्वयंपाकी आणि जहागिरीचा कारभारी यांचे व्यवसाय दर्शवणारे मिलर, कुक व रीव्ह हे शब्द इंग्लिश आडनावे म्हणूनही प्रचलित आहेत. हा ग्रंथ अपूर्णच राहिला.

वारसा

चॉसर यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाले. इ.स. १५५६मध्ये तेथे त्यांचे नवे थडगे उभारण्यात आले. त्याच्या भोवतालचा भाग पुढे ‘पोएट्स कॉर्नर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यांचे पुत्र टॉमस हे इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सचे अनेकदा सभापती होते. इ.स. १४३४मध्ये टॉमस यांचे निधन झाले. ॲलिस ही त्यांची एकुलती एक कन्या असल्याने या शाखेतील आडनाव तेथेच संपले. मात्र पायमोजे करणाऱ्याचे ते नाव आज त्या व्यवसायाची नव्हे, तर इंग्लिश काव्याच्या आरंभकाळाची आठवण देते.