डॉम पेरिन्यों : एका मठाचा कोठारी



मोटारींच्या शर्यतीतला विजेता भली मोठी बाटली हलवून फेस उडवतो, हे दृश्य आपण दूरदर्शनवर अनेकदा पाहिले आहे. ती शॅम्पेन. मुळात शॅम्पेन हे फ्रान्समधील एका थंड प्रांताचे नाव आहे. तेथील सर्वांत महागड्या बाटल्यांपैकी एकीवर चक्क एका संन्याशाचे नाव असते : डॉम पेरिन्यों. ‘डॉम’ ही त्या संघातील आदराची पदवी, आपल्याकडील ‘स्वामी’सारखी. संन्याशाचे नाव दारूच्या बाटलीवर कसे, हा प्रश्न कोणालाही पडेल.

या जिल्ह्यात तो प्रश्न जरा टोचतोच. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या बंदीसाठी रस्त्यावर आलेल्या बायाबापड्यांमागे मोडलेले संसार होते, हे येथे कोणाला सांगायला नको. तरी द्राक्षाचा शुद्ध रस आंबवून केलेली वाइन आपल्या वेदीवरही असते. ती द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली असावी, असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा आग्रह आहे. तेव्हा या माणसाकडे नीट पाहू.

पिएर पेरिन्यों याचा जन्म डिसेंबर १६३८ मध्ये सेंत-मनू या गावी झाला. ५ जानेवारी १६३९ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई त्याच्यापेक्षा अवघ्या तीन महिन्यांनी मोठा, आणि दोघेही १७१५ च्या सप्टेंबरातच वारले. सात भावंडांत पिएर धाकटा. तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा आई गेली. वडील सरकारी कचेरीत होते, घराण्याच्या द्राक्षबागा होत्या. मठाच्या शाळेत आणि पुढे येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकून सतराव्या वर्षी तो व्हर्दं येथे संत बेनेडिक्ट यांच्या संघात दाखल झाला. प्रार्थना, अभ्यास आणि अंगमेहनत हा तेथला नेम.

१६६८ मध्ये त्याला ओव्हिलेरच्या मठात धाडण्यात आले. एपर्ने गावाजवळच्या टेकडीवरील या मठात सम्राट कॉन्स्टंटाइनची आई संत हेलेना हिचे अवशेष होते. पेरिन्योंकडे काम आले कोठाऱ्याचे. धान्य, तेल, पैसा, हिशेब, तळघरातील पिंपे, सारे त्याच्या हाती. हे काम त्याने सत्तेचाळीस वर्षे केले. मठाच्या द्राक्षबागा त्याच्या कारकिर्दीत दुप्पट झाल्या.

आता बुडबुड्यांची गोष्ट. द्राक्षरस आंबताना साखरेचे मद्यार्क होते आणि वायू सुटतो. त्या प्रांतातील कडाक्याच्या थंडीत हे आंबणे अर्धवट थांबे. वसंतात ऊब आली की बाटलीतच पुन्हा सुरू होई. वायूला वाट नाही, काच नाजूक. एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटत. म्हणजे कोठाऱ्याच्या दृष्टीने फेस हे नुकसान होते! ज्याला जग फेसाळत्या वाइनचा जनक म्हणते, तो आयुष्यभर हा फेस टाळण्याच्या खटपटीत होता.

फेस मुद्दाम आणण्याची युक्ती इंग्रजांना आधीच ठाऊक होती. ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात, वाइनमध्ये साखर घालून ती चुरचुरीत करण्याची रीत नोंदली आहे. त्यांच्या बाटल्या टिकत, त्याचे कारण आपल्या खाणीतल्या बांधवांना आवडेल : दगडी कोळसा. जहाजांसाठी लाकूड वाचावे म्हणून १६१५ मध्ये राजाने काचभट्ट्यांना लाकूड जाळण्यास मनाई केली. भट्ट्या कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच मजबूत झाली.

मग पेरिन्योंचे काम कोणते? चव. आसपासच्या गावांतून दशमांशादाखल मठात द्राक्षे येत. कोणाच्या उतारावरची आंबट, कोणाची गोड, कोणाची नुसतीच पाणचट. हा ती चाखून पाही आणि कशात काय मिसळले तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघेल, ते ठरवी. आजही नाशिककडे वा फ्रान्समध्ये जाणकार मंडळी वाइन पारखायला बसतात तेव्हा बाटलीवर कापड गुंडाळतात, म्हणजे नाव पाहून जीभ फसू नये. घोट तोंडात घोळवतात आणि बहुतेक वेळा थुंकून टाकतात. द्राक्षे कोणाच्या बागेतली हे न विचारता चाखणाऱ्या या कोठाऱ्याला पुढे लोकांनी आंधळाच ठरवले. तो आंधळा नव्हता.

त्याच्या पद्धती १७१८ मध्ये गोदिनो नावाच्या धर्मगुरूंनी लिहून ठेवल्या, असे मानतात. वेल आखूड छाटावी. फळ कमी आले तरी चालेल. तोडणी पहाटेच्या गारव्यात करावी. (मोहफुले वेचायला आपल्याकडे उजाडण्याआधी निघतात, तसेच.) ठेचलेला मणी टाकून द्यावा. वाहतुकीला घोड्यापेक्षा खेचर बरे, ते कमी बुजते. पायांनी तुडवू नये, हलके व झटपट दाबावे. असे केले की काळ्या द्राक्षाच्या सालीचा रंग रसात उतरत नाही आणि काळ्या द्राक्षांतून स्वच्छ पांढरी वाइन निघते. ही वाइन श्रीमंतांच्या पंगतीला पुष्कळ जास्त भावाने जाई.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त झाली, संन्यासी पांगले. त्यांच्यापैकी ग्रोसार यांनी १८२१ मध्ये एका पत्रात पेरिन्योंना शॅम्पेनचे जनक ठरवले. उद्ध्वस्त मठाचा मान राखावा, एवढाच त्यांचा हेतू असावा असे आम्हाला वाटते. व्यापाऱ्यांना ती कथा फारच सोयीची पडली. पहिला घोट घेताना त्यांनी तारे चाखल्याचे उद्गार काढले, हेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जाहिरातदारांनी त्यांच्या तोंडी घातले. मोएत कंपनीने १९२१ च्या हंगामातील वाइन त्यांच्या नावाने १९३६ मध्ये विक्रीस काढली. त्याच घराण्याने २०१३ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांपासूनही फेसाळती वाइन बाजारात आणली. त्याही आधी, १९८० च्या दशकात, पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने अशी वाइन तयार होऊ लागली होती.

पेरिन्यों यांना ओव्हिलेरच्या चर्चमध्ये मठाधिपतींच्या बरोबरीने पुरले आहे. कबरीवरील काळ्या दगडावर लॅटिनमध्ये काही ओळी कोरल्या आहेत. त्यांत सत्तेचाळीस वर्षांच्या कोठारीपणाची नोंद आहे, मठाचा कारभार उत्तम सांभाळल्याची आहे, आणि विशेष म्हणजे गरिबांवर बापासारखी माया केल्याची आहे. वाइनचा शब्द त्यात नाही.