शाळेआधीची शाळा : सुभेदार रामजी सकपाळ

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आपण बाबासाहेबांचे स्मरण करतो आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेच्या पायरीपर्यंत ज्याने त्या मुलाला घडवून आणले, त्या पित्याकडे आपले लक्ष त्या मानाने कमीच जाते. या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी पालक आहेत, काही उद्या पालक होतील. म्हणून सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र येथे थोडक्यात मांडावे, असे आम्हांस वाटले.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील मालोजी सैन्यात होते. पत्नी भीमाबाई यांचे माहेरही लष्करी पेशातले. ज्या काळी गावच्या शाळेचे दार अस्पृश्यांच्या मुलांना बंद होते, त्या काळी पलटणीतील शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, आणि प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग चालत. रामजी अशाच लष्करी शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. ही गोष्ट आम्हांला त्यांच्या सुभेदारीहूनही मोठी वाटते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, ते एका शिक्षकाच्या घरात. तेव्हा बालवाडी हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. पण बालवाडीत जे व्हावयास हवे, ते त्या घरात होत होते.

पुढे रामजी सेवानिवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीस व नंतर साताऱ्यास आले. रामजी कबीरपंथी होते. मद्यमांस त्यांना वर्ज्य होते. संध्याकाळच्या भजनास मुलांनी हजर राहिलेच पाहिजे, असा घरचा दंडक होता. कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग अक्षरओळखीच्या आधीच मुलांच्या कानी पडले. ज्या मुलाच्या कानावर बांधेसूद भाषा रोज पडते, त्याला पुस्तकातली भाषा परकी वाटत नाही. आणि घरी ज्याला नेमाने एका जागी बसण्याची सवय लागली, त्याला वर्गात बसणे जड जात नाही.

मुले वाचू लागल्यावर रामजींनी आणखी एक नेम घातला. भीमराव आणि त्यांचे थोरले बंधू यांनी रोज रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचावयाचा. ऐकावयास बहिणी आणि कथेसाठी जमलेली वस्तीतील माणसे. हा क्रम पुष्कळ वर्षे चालला. शाळेत ज्याला पुढे वेगळे बसावे लागणार होते, त्या मुलाला घरी दररोज चारचौघांसमोर बसून वाचावयाचा मान मिळत होता.

पुढे भीमरावांना या ग्रंथांतील थोर पात्रांविषयी प्रश्न पडू लागले, आणि ते त्यांनी वडिलांना रोकठोक विचारले. बुद्धाचे वाङ्मय सोडून आम्हांस हे का वाचावयास लावता, असाही सवाल त्यांनी केला. अस्पृश्यतेमुळे मुलांच्या मनात न्यूनगंड रुजू नये, खालच्या स्थितीतून वर चढलेल्या द्रोण-कर्णांची आणि वाल्मीकींची चरित्रे त्यांना ठाऊक असावीत, असा रामजींचा हेतू होता. त्या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही. परंतु विचारण्याची मोकळीक घरात होती, आणि ती रामजींनी काढून घेतली नाही. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजबांधवांनी सत्कार योजला, तेव्हा मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनी आधी साफ नकार दिला होता. मित्र दादा केळुसकरांनी मन वळविल्यावरच ते राजी झाले, आणि त्याच सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले.

मुंबईतील दिवस ओढग्रस्तीचे होते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे बिऱ्हाड. भीमराव लवकर निजत. रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहून त्यांना अभ्यासास उठवीत आणि मग स्वतः पाठ टेकीत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी स्वतः शिकविल्या. मुलाने मागितलेले पुस्तक घेण्यास पैसे नसले, की ते विवाहित कन्यांकडे जात, त्यांचा दागिना सावकाराकडे गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या घराने केलेला त्याग एकट्या रामजींचा नव्हता. थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली, तेव्हा भीमरावांचे शिक्षण पुढे चालू शकले. मंजुळा आणि तुळसा या बहिणींनी अंगावरचा दागिना उतरवून दिला. त्यांची नावे आपल्या भाषणांत क्वचितच येतात. मातृवियोगानंतर लहानग्या भीमाला मायेने वाढविले ते आत्या मीराबाईंनी. रामजींनी केलेले दुसरे लग्न मुलाला रुचले नव्हते, हेही लपविण्याचे कारण नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, पुढे पदवीधर झाले. जानेवारी १९१३ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत आजारपणाची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्थानकावर उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले, तेव्हा रामजींचा प्राण जणू डोळ्यांत येऊन थांबला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.