ताराबाई मोडक : अंगणातले चिंचोके आणि पहिलीचं गणित



डी.एड.ला असताना ताराबाई मोडक म्हणजे माझ्यासाठी दोन मार्कांचा प्रश्न होता. बोर्डी, कोसबाड, बालवाडी, पद्मभूषण 1962. एवढं लिहिलं की झालं. आता पहिलीला गणित शिकवताना त्या वारंवार आठवतात. शिवाय त्यांच्या आयुष्याची काही वर्षे आपल्या वऱ्हाडात गेली, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीला शिकवावं की नाही असा प्रश्नच आला नाही. 1914 ला त्या बी.ए. झाल्या. लग्न झालं ते अमरावतीला वकिली करणाऱ्या मोडकांशी, आणि त्या अमरावतीला राहायला आल्या. पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या निघाल्या आणि राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईनं लेकरू घेऊन परप्रांतात नोकरी करायची, हे लिहायला एक ओळ लागते, निभवायला काय लागलं असेल याचा विचार करा.

आपल्या मुलीला शिकवावं कसं, या विचारातून त्या मॉन्टेसरी पद्धतीकडे वळल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांचं बालमंदिर सुरू झालेलं होतं. 1923 ला नोकरी सोडून ताराबाई तिथे गेल्या. 1926 ला नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

आता गणिताकडे येते. मॉन्टेसरी पद्धतीत मूल आधी आकडा लिहीत नाही. त्याच्या हातात दहा लाकडी दांड्या देतात. सगळ्यात लहान दांडी 10 सेंटीमीटरची आणि सगळ्यात मोठी एक मीटरची. सात म्हणजे सहापेक्षा एक घर लांब, हे मूल हातानं अनुभवतं. चिन्ह त्यानंतर येतं. पद्धत उत्तम, पण साहित्य महाग. खेड्यातल्या शाळेनं ते आणायचं कुठून? ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया, पानं असं आजूबाजूला फुकट मिळणारं साहित्य वापरात आणलं. मला वाटतं, त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. तत्त्व तेच ठेवायचं आणि वस्तू गावातली घ्यायची.

1945 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 ला आली, ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, आणि हा शब्द देशभर पोचला.

1957 ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. मोठी मुलं गुरं चारायला जायची, म्हणून शिक्षकच कुरणात गेले. ती कुरणशाळा. आणि तिथेच त्यांनी विकासवाडी केली, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. अंगणातून उठलेलं मूल थेट शेजारच्या वर्गात जाणार. परीक्षेसाठी पाठ करताना हे मला साधं सोयीचं काम वाटलं होतं.

त्याचं महत्त्व मला कळलं ते दिल्लीतल्या एका संशोधनामुळे. ते 2017 ला प्रसिद्ध झालं. बालवाडीतल्या पंधराशेच्या वर मुलांवर हा प्रयोग झाला होता. त्यातल्या काही मुलांना चार महिने गणिताचे खेळ दिले. कमी-जास्त ओळखण्याची त्यांची समज वाढली आणि वर्षानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात ही मुलं इतरांच्या पुढे राहिली नाहीत. संशोधकांना वाटलं होतं की ही समज आपोआप आकड्यांत उतरेल, तसं झालं नाही. मला यातून असं दिसतं की खेळातला सात आणि फळ्यावरचा 7 कोणीतरी मुद्दाम जोडून द्यावा लागतो. ताराबाईंनी त्यासाठी जागाच ठेवली होती.

आपल्याकडे मात्र अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि पहिली शिक्षण विभागाची. माझ्या शाळेत दोन्हींच्या मध्ये एक भिंत आहे, बस्स. कितीतरी वर्षे मी ती ओलांडून तिथे काय चालतं ते पाहिलं नव्हतं. चूक माझीच. पहिलीत आलेल्या मुलांना मी थेट 1 ते 9 लिहायला बसवायची. एक मुलगी शंभरपर्यंत धडाधडा म्हणायची, तिचे बाबा खूश होते. तिला म्हटलं सात चिंचोके दे, तर तिनं मूठभर दिले. पालकहो, घरी हे एकदा करून बघा. शंभरपर्यंत म्हणता येतं म्हणून निश्चिंत राहू नका आणि येत नाही म्हणून लेकराला ओरडू नका. ज्वारीचे दाणे घ्या, तुरीच्या शेंगा घ्या, मोजून मागा. बरोबर दिले की मग शेजारी आकडा लिहा.

2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकच मानला आहे. कागदावर तरी भिंत पडली म्हणायची.

31 ऑगस्ट 1973 ला ताराबाई गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत सांभाळलं.

यंदा जूनमध्ये मी अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती केली. मुलांसोबत त्यांचा चिंचोक्यांचा डबाही पहिलीत पाठवा म्हटलं. डबा वर्गात आल्याबरोबर मुलांनी ओळखला आणि मी काही सांगायच्या आत मोजायला बसली.